घरी केलेल्या माळा आणि दागिने: ओवण कशाची घ्यावी आणि मोल कसे लावावे?

कृष्णमणी
सर्वांना नमस्कार. मी सोलापुरात राहते आणि घरीच मण्यांच्या माळा, कानातले व मोत्यांच्या नथी तयार करते. नात्यातल्या बायकांसाठी म्हणून सुरू झालेल्या या कामाला आता ओळखीपाळखीतून मागणी येऊ लागली आहे, आणि विकायचे म्हटल्यावर दोन प्रश्न उभे राहिले आहेत.

पहिला प्रश्न ओवणीचा आहे. दुकानातून आणलेली माळ वर्षभरात तुटली तर कुणी फारसे मनावर घेत नाही, पण ओळखीच्या बाईने करून दिलेली माळ लग्नाच्या मांडवात तुटली आणि मणी विखुरले, तर करणारीचा शब्द खाली पडतो. माझे स्पष्ट मत असे आहे की हातच्या माळेत मण्यांइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, महत्त्व दोऱ्याला आणि जोडांना आहे. तरीही नायलॉन, रेशीम आणि गिअर वायर यांपैकी केव्हा काय वापरावे, याचे ठाम उत्तर मला मिळालेले नाही.

दुसरा प्रश्न मोलाचा आहे. साहित्याचा खर्च मांडता येतो, पण हाताच्या मजुरीचा आकडा सांगताना समोरच्या बाईला तो अवाजवी वाटतो. आपण सगळे हा हिशेब कसा करता, हे कृपया सविस्तर लिहावे.

सुईदोरा
चांगला विषय काढलात, ताई. माझा अनुभव मुख्यतः काचेच्या मण्यांचा आणि दगडी मण्यांचा आहे, म्हणून त्यापुरतेच लिहिते.

साधा एकेरी नायलॉन, म्हणजे मासे पकडायच्या गळाला असतो तसा, जड मण्यांसाठी वापरू नये. तो वजनाने हळूहळू ताणला जातो, मग हुकापाशी मोकळा दोरा दिसू लागतो. उन्हाने आणि काळाने तो कडक होऊन तडकतो. त्याची गाठही सरकते, आणि टोक जाळून गोळी केली तरी ती गोळी मानेला टोचते.

जड माळेला गिअर वायर घ्यावी. बारीक पोलादी तारांचा पीळ आणि वरून नायलॉनचे आवरण, अशी ती असते. तिला गाठ मारायची नसते, क्रिंप मण्यातून, म्हणजे दाबला की चपटा होऊन तार धरून ठेवणाऱ्या धातूच्या बारीक मण्यातून, दोनदा ओवून पक्कडीने दाबायचे असते. दाबण्यापूर्वी माळ गोल वाकवून पाहावी आणि दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवावी. सरळ रेषेत ताठ ओढून क्रिंप दाबला, की माळ गळ्यात गोल बसत नाही आणि सगळा ताण त्या एका क्रिंपवर येतो. उरलेले टोक क्रिंपपाशीच कापू नये, पुढच्या दोन-तीन मण्यांच्या पोटातून परत ओवून मगच कापावे. एकदा ही तार दुमडून तिच्यात मोड पडली तर ती सरळ होत नाही, तो तुकडा बाजूला ठेवावा.

पटवेकऱ्याची_लेक
सुईदोराताईंनी लिहिलेले काचेच्या मण्यांपुरते योग्य आहे, पण मोत्यांना पोलादी तार लावू नये असे मी आग्रहाने म्हणेन.

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गाठवणीचे काम होते. वडील मंगळसूत्रे, पोती आणि मोत्यांचे सर गाठवून देत. ते जमिनीवर बसून दोऱ्याचे एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवत, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहत आणि दोऱ्याचा ताण पायाने कमी-जास्त करता येई. मेणाच्या गोळीवरून दोरा एकदा ओढला की त्याचे तंतू बसत. एक मोती ओवायचा, त्याच्यामागे सैल फास घालायचा, फासात सुईचे टोक ठेवून तो फास मोत्याच्या अगदी पाठीशी नेईपर्यंत सुई काढायची नाही, आणि सुई निघताच अंगठ्याच्या नखाने गाठ मोत्याकडे रेटायची. गाठ मोत्याला टेकली पाहिजे, पण मोती फिरायला हवा. सुई लवकर निघाली तर गाठ अध्येमध्ये बसते, आणि रेशमाची गाठ सोडवायला गेले की दोरा पिंजतो.

अशा गाठींचे दोन उपयोग आहेत. दोरा तुटला तरी एखादाच मोती निसटतो, बाकीचे जागच्या जागी राहतात. शिवाय शेजारचे मोती एकमेकांवर घासत नाहीत. मोती हा चुनखडीच्या जातीचा पदार्थ आहे, काचेहून मऊ आहे, आणि घाम, लिंबू, व्हिनेगर अशा आम्ल गोष्टींनी आणि अत्तरानेही त्याची झळाळी जाते. मोत्यांना गाठींचे रेशीमच शोभते आणि टिकवतेही. दोरा मात्र सढळ हाताने घ्यावा. अठरा इंची सराला, दुहेरी दोऱ्याने गाठवायचे तर, दोन मीटरच्या आसपास रेशीम लागते.

सुईदोरा
मोत्यांबद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे. रेशीम काचेच्या मण्यांत का चालत नाही, तेवढे नोंदवते. स्वस्त काचेच्या मण्यांच्या छिद्राची कड धारदार राहिलेली असते. तो मणी सरात जरा हलला की कड दोऱ्यावर करवतीसारखी चालते. छिद्रातून जाडसर सुई फिरवून पाहिली की खरखर हाताला लागते. असे मणी वेगळे काढावेत किंवा त्यांना तारच लावावी.

बाळीवेस
साहित्यासाठी सोलापुरात मधला मारुती आणि नवी पेठ या भागांत आधी फिरावे. हूक, कड्या, हेड पिना, काळी पोत आणि गोंडे बहुतेक मिळतात, आणि सराफ कट्टाही त्याच बाजूला असल्याने सोन्याचे चार मणी घालून घ्यायचे असतील तर एका फेरीत काम होते. घाऊक माल घ्यायचा झाल्यास पुण्याची रविवार पेठ किंवा मुंबईचे भुलेश्वर पाहावे.

हुसेनसागर
मी मूळचा सोलापूरचा, नोकरीनिमित्त हैदराबादेत असतो. मोत्यांसाठी पुण्या-मुंबईला जाण्यापेक्षा हैदराबाद सोलापूरकरांना रेल्वेने सोयीचे आहे. चारमिनारजवळ पत्थरगट्टीत मोत्यांची जुनी बाजारपेठ आहे आणि पलीकडेच लाड बाजारात लाखेच्या बांगड्या मिळतात.

तिथे जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आज बाजारात येणारे बहुतेक मोती गोड्या पाण्यात शिंपल्यात वाढवलेले असतात. ते खरेच मोती आहेत, फक्त माणसाच्या हस्तक्षेपाने तयार झालेले. काचेवर किंवा प्लॅस्टिकवर रंग चढवलेले ते खोटे. दोन मोती एकमेकांवर हलके घासले तर खऱ्यात बारीक रेतीसारखी खरखर जाणवते, खोटे गुळगुळीत सरकतात. दुसरे म्हणजे छिद्र. रंगीत मोत्याच्या छिद्राशी रंगाचा पापुद्रा निघालेला दिसला तर तो घेऊ नये.

कृष्णमणी
पटवेकऱ्याची_लेक, आपण गाठीची जी पद्धत लिहिली, ती मी आज सहा मोत्यांवर करून पाहिली आणि नखाने रेटण्याचे मर्म कळले. ठुशीसारखी दाट गुंफण घरी जमण्याजोगी आहे का?

पटवेकऱ्याची_लेक
जमते, पण तो पुढचा टप्पा आहे. ठुशीचे मणी बारीक गोल असतात आणि ते इतके दाट गुंफलेले असतात की दोरा वरून दिसता कामा नये. शिवाय ती गळ्याला लागून बसते, त्यामुळे माप चुकवून चालत नाही. म्हणूनच तिला मागे गोंड्याची दोरी असते. त्याआधी बोरमाळ करावी. सोन्याच्या बोरमाळेचे मणी आतून पोकळ आणि लाखेने भरलेले असतात, त्यामुळे जुनी बोरमाळ पुन्हा गाठवायला कुणी दिली तर ती शेगडीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नये. आपल्याकडच्या मे महिन्यात तर नाहीच.

त्वचेची_काळजी
मी त्वचारोग विभागात परिचारिका म्हणून काम करते. ओवणीची चर्चा फार उपयुक्त चालली आहे, पण धातूचा मुद्दा कुणी काढला नाही.

मानेच्या मागे हुकापाशी, कानाच्या पाळीवर किंवा नथीच्या जागी खाज, लाली आणि पाण्याचे बारीक फोड घेऊन येणाऱ्या बायकांत निकेलची अॅलर्जी हे फार वेळा आढळणारे कारण असते. ही अॅलर्जी एकदा झाली की सहसा जन्मभर राहते, आणि घामाने निकेल अधिक सुटते. सोलापूरचा उन्हाळा लक्षात घेता हा विषय गंभीर आहे. युरोपीय संघाने १९९४ मध्येच दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर मर्यादा घालणारा निर्देश काढला.

विकणाऱ्यांना माझी विनंती आहे की मधला मणी कोणत्याही धातूचा असो, पण हूक, साखळीचा मागचा भाग, कानातल्याची दांडी आणि नथीची तार चांगल्या प्रतीच्या पोलादाची, चांदीची किंवा सोन्याची असावी. मुलामा उतरला की आतला धातू त्वचेला लागतो, त्यामुळे केवळ ‘सोनेरी’ दिसण्यावर जाऊ नये. पारदर्शक नेलपॉलिश लावण्याचा उपाय थोडे दिवसच टिकतो.

सुईदोरा
अत्यंत महत्त्वाचे लिहिलेत. नथीसाठी मी चांदीचीच तार वापरते. बारीक मोत्यांना २६ गेजची तार पुरते आणि नथीच्या मुख्य वाकाला २० गेज लागते. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होत जाते, हे नव्याने शिकणाऱ्यांनी खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे.

यंत्रमाग
आपल्या गावात मणी बाहेरून येतात, पण सूत तर घरचे आहे. मी यंत्रमागाच्या कामात आहे आणि माझे म्हणणे असे की सोलापूरच्या माळेत सोलापूरचे सूत दिसले पाहिजे. चादरी आणि टॉवेलच्या कारखान्यांत कोनांवर, म्हणजे सूत गुंडाळायच्या शंकूंवर, उरलेले रंगीत सूत कमी दरात मिळते. ते तीन-चार पदरी वेणीत घालून त्यात मोजके लाकडी किंवा पितळी मणी बसवले, तर हलकी, मऊ आणि धुता येणारी माळ तयार होते. सुताचे गोंडे, सुताने मढवलेले मणी, खणाच्या चिंध्यांची गोल पदके, असे कितीतरी करता येईल.

एक काळजी घ्यावी. रंग पक्का आहे का, ते आधी पाहावे. सुताचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर जोरात चोळावा, मग मिठाच्या पाण्यात भिजवून पुन्हा चोळावा. मिठाच्या पाण्यात रंग सुटला तर घामातही सुटणार, आणि बाईची पांढरी साडी वाया जाणार.

बाळीवेस
यंत्रमागदादा, बतुकम्माच्या, म्हणजे तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाच्या, वेळी सोलापूरच्या पूर्वभागात अशा रंगीत सुताच्या माळा हातोहात जातील. नवरात्रातल्या रंगांनुसार संच केले तर अजून चांगले.

तिळगूळ
जराशी निराळी वाट धरते, पण विषय दागिन्यांचाच आहे. घरी दागिने करून विकण्याची आपल्याकडची सर्वांत रुजलेली रीत म्हणजे संक्रांतीचे हलव्याचे दागिने. माझ्या आत्याबाई ते करत, आता मी करते.

हलवा घरी करायचा तर घाई चालत नाही. साखरेच्या पाकात उकळताना थोडे दूध घातले की मळी वर येते, ती काढून पाक स्वच्छ करायचा. मंद आचेवर पसरट परातीत खसखस, तीळ किंवा साबुदाणा घेऊन त्यावर चमचाभर पाक सोडायचा आणि दाणे हाताने सतत फिरवत राहायचे. एक थर वाळला की दुसरा. आच वाढली की पाक पिवळा पडतो आणि काटा येत नाही. हाताला चटका जाणवेल पण हात ठेवता येईल, इतकीच परात तापलेली हवी. दाण्यांवर टोकदार पांढरे काटे दिसू लागले की समजावे, जमले. साखर हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे दमट हवेत हलवा मऊ पडतो. आपली पौषातली कोरडी थंडी या कामाला वरदान आहे.

नव्या सुनेच्या संचात मंगळसूत्र, हार, बाजूबंद, बांगड्या, नथ आणि कंबरपट्टा असतो. बोरन्हाणाच्या बाळासाठी मुकुट, हार आणि बासरी. सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या सुमारास या मागणीला भर येतो, म्हणून मी मार्गशीर्षातच नोंदणी बंद करते. कमी घेऊन नीट करणे मला बरे वाटते.

त्वचेची_काळजी
तिळगूळताई, बाळाच्या हलव्याच्या दागिन्यांना आपण डिंक कोणता लावता? मुले ते तोंडात घालतात, आणि अलीकडे सोनेरी पुठ्ठ्यावर गरम डिंकाने दाणे चिकटवलेले मुकुट पुष्कळ दिसतात.

तिळगूळ
बाळाच्या संचात मी डिंक मुळीच वापरत नाही. हलवा अजून कोमट असताना बारीक सुईने सुती दोऱ्यात ओवते, आणि मुकुटाला जिथे चिकटवणे भागच असते तिथे घट्ट पाक लावते. तार आणि टिकल्या बाळाच्या दागिन्यांत नकोतच. दाणा घशात अडकू शकतो, म्हणून छायाचित्रे झाली की दागिने लगेच उतरवावेत, असे मी प्रत्येक डब्यावर चिठ्ठीत लिहून देते. मोठ्यांच्या संचाला पुठ्ठा चालतो, पण तो हलवा खाऊ नये असे स्पष्ट सांगावे.

आई_राजा
हलव्यानंतर कवडीची आठवण काढायला हरकत नाही. मी तुळजापूरचा आहे. आमच्याकडे आराधी आणि गोंधळी कवड्यांची माळ घालतात. ती भवानीच्या उपासनेची खूण आहे. कवडी म्हणजे समुद्री गोगलगायीचा शंख. तिची फुगीर पाठ घासून छिद्र पाडतात आणि दातेरी तोंडाची बाजू वर ठेवून ओवतात. पाठीची कड गुळगुळीत घासलेली नसेल तर दोरा कापला जातो, सुईदोराताईंनी काचेबद्दल लिहिले तसेच. जाड पिळाचा सुती दोराच इथे योग्य ठरतो.

एक विनंती आहे. फॅशनसाठी कवड्या वापरायला माझा विरोध नाही, परंतु परडीबरोबरची जी माळ असते तिची हुबेहूब नक्कल शोभेचा दागिना म्हणून विकू नये. ज्यांची ती श्रद्धा आहे, त्यांना ते लागते.

यंत्रमाग
आई राजा उदो उदो. आपला मुद्दा पटला. पंढरपूरच्या तुळशीच्या माळेबाबतही हेच म्हणता येईल. काशीकापडी समाजातील कारागीर तुळशीचे लाकूड कातून ते मणी करतात, आणि वारकऱ्यासाठी ती माळ म्हणजे घेतलेले व्रत असते. तिचे मणी काढून इतर मण्यांत मिसळणे मला तरी योग्य वाटत नाही.

जुनी_नाणी
मणी करण्याची परंपरा आपल्या भागाला नवी नाही. धाराशिव जिल्ह्यातले तेर, म्हणजे सातवाहन काळातले तगर, हे मोठे व्यापारी केंद्र होते आणि तिथला माल भडोचच्या बंदरापर्यंत जात असे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात तिथे सापडलेले मणी पाहायला मिळतात. माळा करणाऱ्यांनी ते आवर्जून बघावेत. रंगसंगतीच्या कितीतरी कल्पना तिथे सुचतात.

कृष्णमणी
सर्वांची मनापासून आभारी आहे. ओवणीचे उत्तर मला मिळाले: मोत्यांना गाठींचे रेशीम, काचेला व दगडाला गिअर वायर, सुताला सूत. मोलाचा प्रश्न मात्र अजून कुणी घेतलेला नाही.

घरचा_हिशेब
मोलाबद्दल मी लिहितो. माझी पत्नी कानातले करते आणि वही मी ठेवतो. माझ्या मते सुरुवातीला दर कमीच ठेवावा. लोकांना आपले काम माहीत झाले की मग वाढवता येतो. दोनशे रुपयांत तशीच दिसणारी माळ रस्त्यावर मिळत असताना पाचशे कोण देईल?

तिळगूळ
मी याच्याशी पूर्णपणे असहमत आहे. एकदा कमी सांगितलेला दर वाढवायला गेले की जुने गिऱ्हाईकच सर्वांत आधी नाराज होते. शिवाय आपण मजुरी धरली नाही, तर शेजारच्या गल्लीत याच कामावर घर चालवणाऱ्या बाईचा दरही आपण पाडतो. सोलापुरात हजारो बायका घरबसल्या विड्या वळतात, शिवणकाम करतात. घरात बसून केलेल्या कामाला मोल नसते, हा समज त्यांना किती महागात पडला आहे, हे आपण सगळे पाहतो. दागिन्यांच्या कामात तरी तो आपल्या हाताने पोसू नये.

सुईदोरा
तिळगूळताईंशी सहमत. उदाहरणादाखल एक मांडणी देते. समजा माळेचे साहित्य १८० रुपयांचे आहे, कामाला तीन तास लागले आणि ताशी मजुरी ८० रुपये धरली, तर २४० रुपये झाले. डबी आणि पिशवीचे २० रुपये. बेरीज ४४०. त्यावर फुटलेले मणी, वाया गेलेली तार, प्रदर्शनाचे भाडे आणि थोडा नफा यांसाठी वीस टक्के, म्हणजे ८८ रुपये. एकूण ५२८. ही माळ ५३० ला विकावी आणि दुकानात ठेवायला द्यायची असेल तर दुकानदाराचा वाटा यावर वेगळा धरावा, मजुरीतून देऊ नये.

घरचा_हिशेब
ताशी मजुरीची ओळ आमच्या वहीत घालण्याजोगी आहे. पण पाचशे ऐकून परत जाणाऱ्या बाईला काय सांगायचे?

सुईदोरा
तिला त्याच रंगाची कमी मण्यांची, साखळीवर बसवलेली माळ दाखवावी. तिचे साहित्यही कमी आणि वेळही कमी, त्यामुळे दर आपोआप अडीचशेच्या घरात येतो. गाठवलेल्या माळेचा दर उतरवू नये. ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यावी आणि गाठी दाखवाव्यात.

पटवेकऱ्याची_लेक
माझी त्यात एक भर. वडील दुरुस्तीला येणारी माळ कधी परत पाठवत नसत. आपण केलेली माळ पुन्हा गाठवून देण्याची तयारी ठेवा आणि तसे विकतानाच सांगा. रस्त्यावरच्या माळेला ही सोय नसते, म्हणून दरातला फरक गिऱ्हाइकाला समजतो. रोज वापरातला मोत्यांचा सर वर्षातून एकदा तपासायला बोलवावा. हुकाजवळचे रेशीम काळपट पडले असेल किंवा गाठ आणि मोती यांत फट दिसू लागली असेल, तर तुटायची वाट न पाहता पुन्हा गाठवावा.

कृष्णमणी
पुन्हा गाठवून देण्याचे पैसे घ्यावेत का?

पटवेकऱ्याची_लेक
पहिल्या वर्षात जोड सुटला तर घेऊ नयेत, तो आपल्या कामाचा भाग आहे. त्यानंतर रेशमाचे आणि वेळेचे घ्यावेत, मोत्यांचे अर्थातच नाही. आणि सर घेताना गिऱ्हाइकासमोर मोती मोजून आकडा चिठ्ठीवर लिहून द्यावा, देतानाही समोरच मोजावेत.